सोसणे आणि तग धरणे : ‘नितळ’च्या निमित्ताने

दीर्घकाळ आजारी असलेल्या स्त्रीच्या गौरवासाठी मराठीत ‘सोशिक’ हे विशेषण परंपरेने सिद्ध आहे. ‘माहेरची साडी’ (१९९१) या चित्रपटाला जे अफाट यश लाभले, त्याच्या मुळाशीही या विशेषणाविषयीचा समाजाचा जिव्हाळा होता. परंतु सोसणे आणि तग धरणे या क्रिया एक नव्हेत. सोसणारी व्यक्ती मूक राहते आणि भोवतालचे जग होते तसेच राहते. रोप तग धरते ते मात्र जमिनीतील ओलाव्याच्या आधारावर. म्हणून एखादी स्त्री कशी तगली, या प्रश्नात तिला कोणती जमीन मिळाली, हा प्रश्न अनुस्यूत असतो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ (२००६) या चित्रपटाचे मूल्यमापन याच भेदाच्या आधारे करणे उचित ठरेल.

चित्रपटाची नायिका डॉक्टर आहे आणि तिला कोड आहे. या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेतील रंग निर्माण करणाऱ्या पेशींवरच उलटते. तो संसर्गजन्य नाही. महारोगाशी त्याचा काहीही संबंध नाही. परंतु ‘श्वेतकुष्ठ’ या जुन्या नावाने तो संबंध लोकमानसात रुजविला. याच वर्गातील ल्युपस किंवा आमवात या व्याधी पुरुषांपेक्षा स्त्रियांनाच फार अधिक जडतात. कोड मात्र उभयतांत साधारण सारख्याच प्रमाणात आढळते. तरीही विवाहाच्या बाजारात त्याची किंमत मुख्यतः मुलीलाच मोजावी लागते. रोग समान, भोग विषम, अशी ही स्थिती आहे.

सहकारी डॉक्टरशी विवाहाचा विचार होत असता नायिका त्याच्या कुटुंबासमोर येते, आणि येथेच कथेचे खरे वैशिष्ट्य प्रकट होते. ती रोगाशी कशी झुंजते, हा प्रश्न गौण ठरून तिच्याकडे पाहणारे आपल्या दृष्टीशी कसे झुंजतात, हा प्रश्न प्रधान होतो. परीक्षा वधूची नसून घराची होते. ‘नितळ’ हे विशेषण मराठीत कांतीला लावतात, तसेच पाण्यालाही. चित्रपट ते त्वचेवरून काढून मनाला लावतो. देविका दफ्तरदार यांच्या अभिनयात करुणेची याचना नाही, ही गोष्ट या रचनेशी सुसंगतच आहे.

तथापि एक आक्षेप उरतो. नायिका सुविद्य, स्वावलंबी आणि सुसंस्कृत आहे. तिचे गुण इतके ठळक आहेत की, डागांची भरपाई गुणांनी झाली म्हणून तिचा स्वीकार झाला, असा अर्थ प्रेक्षकाने काढला तर त्याला दोष देता येणार नाही. मग जिच्यापाशी पदवी नाही, तिचे काय? कोडावरील प्रकाशोपचार आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने घ्यावे लागतात. रोजंदारीवर जाणाऱ्या स्त्रीला त्यातील प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी होय. तिला धीराचा उपदेश करणे म्हणजे कोरड्या जमिनीत रोप लावून त्याच्या चिवटपणाची प्रशंसा करणे. या स्त्रीपर्यंत चित्रपट पोहोचत नाही. ही त्याची मर्यादा मानली पाहिजे.

या मर्यादेपलीकडची वाट कलाकृतीबाहेर दिसते. स्वतः कोड असलेल्या डॉ. माया तुळपुळे यांनी पुण्यात ‘श्वेता असोसिएशन’ ही संस्था उभारली. कोड असलेल्यांना एकत्र आणणे, त्यांच्या विवाहेच्छूंचे मेळावे भरविणे, हे तिचे कार्य. अशा मेळाव्यात डाग लपविण्याचे कारणच उरत नाही. केवळ कोड असलेल्यांनीच परस्परांशी विवाह करावा, असा त्याचा अर्थ समाजाने घेतला, तर तेही एक कुंपण ठरेल, हे खरे. परंतु एकटीने सोसण्याऐवजी अनेकांनी मिळून ओलावा निर्माण करण्याचा हा प्रयत्न आहे, हेही तितकेच खरे.

सारांश, स्त्रीच्या धैर्याचे गुणगान करणारी समीक्षा त्या धैर्याची गरज कोणी निर्माण केली, हे विचारीत नसेल, तर ती सोशिकतेच्याच परंपरेची पाठराखीण ठरते. ‘नितळ’ने हा प्रश्न एका सुशिक्षित घरापुरता का होईना, स्वच्छपणे विचारला. तो इतर घरांत नेणे, हे पुढील कलाकृतींचे आणि समीक्षेचेही काम आहे.