पत्ता आपला, पण पोच?

देवनागरी ईमेल पत्त्याचं कौतुक करताना पत्र पोचतं का, हे आपण विचारतच नाही. २०१२ मध्ये त्याचे तांत्रिक नियम ठरले, २०१४ मध्ये ‘.भारत’ आलं. गोम अशी, की ‘अ‍ॅट’च्या खुणेनंतरचं डोमेन रोमन संकेतात बदलता येतं, आधीचं नाव नाही. समोरच्या सर्व्हरला नवा नियम मान्य नसेल, तर पत्र परत येतं. म्हणून जोडीला रोमन पत्ता ठेवा म्हणतात. तात्पुरती सोय म्हणून ठीक. पण तोच उपाय ठरला, तर आपला पत्ता नुसती दारावरची शोभेची पाटी! पत्ते वाटण्याआधी ते स्वीकारणारे सर्व्हर आणि अर्जांचे रकाने तयार करा, एवढंच आमचं म्हणणं.