‘प्रतिकारशक्ती’ : एका शब्दाची परीक्षा

काही शब्दांचे दैव मोठे विलक्षण असते. वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तकाच्या एखाद्या पानात निमूटपणे पडून राहिलेला शब्द एकाएकी घरोघर संचार करू लागतो. ‘रोगप्रतिकारशक्ती’ ह्या शब्दाचे 2020 साली असेच झाले. करोनाची साथ आली आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या तोंडी हा शब्द बसला. काढे, चूर्णे, अवलेह, दुधात घालावयाच्या भुकट्या, जे जे म्हणून विकावयाचे ते ते ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ ठरले. पुढे साथ ओसरली. शब्द मात्र मागे राहिला.

टीकाकाराने काव्य आणि कादंबरी सोडून औषधाच्या बाटलीवरील शब्दांकडे कशास पाहावे, असा प्रश्न कोणी करील. आमचे उत्तर असे की, कवीची उपमा फसली तर एक कविता फसते; परंतु ज्या रूपकाच्या आधाराने आईबाप मुलांच्या जिवाची काळजी वाहतात ते फसले, तर त्याची किंमत मुलांस द्यावी लागते. अशा रूपकाची परीक्षा करणे हे टीकेचे कर्तव्यच होय.

आपल्या मराठी आरोग्यविषयक लेखनात शरीराच्या संरक्षणाचे वर्णन बहुधा दोन प्रतिमांनी होते. एक शक्तीची, दुसरी सैन्याची. रोगजंतू हे शत्रू, रक्तातील पांढऱ्या पेशी हे शिपाई, आणि शिपाई जितके बलवान तितका जय निश्चित. ह्या वर्णनात तीन विधाने गृहीत धरलेली असतात. पहिले, प्रतिकार हे एक सर्वसाधारण बळ आहे. दुसरे, ते खाण्यापिण्याने वाटेल तितके वाढविता येते. तिसरे, ते जितके अधिक तितके बरे. ह्या तिहींचा क्रमाने विचार करू.

प्रारंभीच न्याय्य गोष्ट कबूल केली पाहिजे. सैन्याची प्रतिमा निराधार नाही. त्वचा हा तट आहे. अश्रू, लाळ आणि जठरातील आम्ल हे खंदक आहेत. 1882 साली मेस्सिना येथे मेच्निकॉफ ह्या रशियन शास्त्रज्ञाने ताऱ्याच्या आकाराच्या एका सागरी प्राण्याच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले, आणि त्या काट्यांभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या त्यास दिसल्या. परक्या पदार्थास गिळून टाकणाऱ्या ह्या भक्षक पेशी आपल्याही रक्तात आहेत. जखमेभोवतीची लाली, सूज आणि ठणका हा बव्हंशी त्यांच्याच हालचालींचा परिणाम असतो. ताप हादेखील रोगाने लादलेला नसून शरीराने आपण होऊन चढविलेला असतो. येथवर पहारेकऱ्यांची उपमा चालते. ह्या पहाऱ्यास अमुकच रोग असा भेद मोठासा नसतो. परके दिसले की तो धावतो.

परंतु एकदा गोवर येऊन गेलेल्यास तो पुन्हा का येत नाही, ह्याचे उत्तर ह्या उपमेत नाही. उत्तर अटलांटिक महासागरातील फॅरो बेटांच्या इतिहासात सापडते. तेथे 1781 साली गोवर आला, आणि मग पासष्ट वर्षे तो बेटांवर फिरकला नाही. 1846 साली तो पुन्हा आला तेव्हा सुमारे 7,800 वस्तीपैकी 6,000 माणसे आजारी पडली. पीटर पानुम ह्या तरुण डॅनिश डॉक्टरने नोंद करून ठेवली की, 1781 साली ज्यांस गोवर आला होता अशा वृद्धांपैकी एकासही तो दुसऱ्यांदा झाला नाही. धडधाकट तरुण अंथरुणास खिळले, आणि सत्तरी उलटलेले म्हातारे त्यांची शुश्रूषा करण्यास मोकळे राहिले! शक्ती कोणाजवळ अधिक होती? निःसंशय तरुणांजवळ. म्हाताऱ्यांजवळ होती ती ओळख.

ह्या ओळखीची रीत मोठी मनोहर आहे. आपल्या शरीरात ‘बी’ आणि ‘टी’ ह्या नावांच्या असंख्य पेशी असतात. प्रत्येकीच्या अंगावर एक विशिष्ट घडणीचा ग्राहक असतो. तो एखाद्याच आकारास चिकटतो, इतरांस नाही. बाराखडीतील थोड्या अक्षरांपासून अगणित शब्द व्हावेत, त्याप्रमाणे जनुकांचे थोडे तुकडे निरनिराळ्या रीतींनी जोडून हे अगणित आकार घडतात. हे दाखविल्याबद्दल जपानी शास्त्रज्ञ तोनेगावा ह्यांस 1987 चे नोबेल पारितोषिक मिळाले. जंतू आत आला की त्याच्याशी जुळणारी पेशी हुडकली जाते, ती वाढते, आणि तिच्या वंशजांपैकी ‘बी’ पेशी प्रतिपिंडे निर्माण करतात. पहिल्या भेटीत ह्या साऱ्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत रोग आपले काम करून घेतो. परंतु काही पेशी स्मृती धरून मागे राहतात, आणि दुसऱ्या भेटीत तेच काम थोड्या दिवसांत उरकते. लस म्हणजे हीच पहिली भेट, पण रोगाची किंमत न देता घडवून आणलेली.

तेव्हा पहिले विधान टिकत नाही. कोल्हापुरास गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत दूध-बदाम खाऊन आणि जोर-बैठका काढून घडलेला पैलवान आणि त्याचा किरकोळ अंगाचा कारकून भाऊ, ह्या दोघांस गोवराची ओळख नसेल तर गोवराच्या दृष्टीने दोघेही सारखेच. 1918 साली ज्या साथीस आपल्या लोकांनी ‘मानमोडी’ हे नाव दिले, तिने तर वीस ते चाळीस वर्षांच्या भर उमेदीच्या माणसांचा विशेष बळी घेतला.

आता दुसरे विधान. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आम्ही जेथून हे लिहीत आहो, ते वारणानगर दुधाचे गाव आहे. तात्यासाहेब कोरे ह्यांच्या पुढाकाराने पन्हाळा तालुक्यातील ह्या माळावर आधी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग दूधसंघ. आजूबाजूच्या खेड्यांतून गोठा नाही असे शेतकऱ्याचे घर विरळा. अशा घरी गाय-म्हैस व्याली म्हणजे चीक निघतो, आणि चिकाचा खरवस शेजारीपाजारी जातो. हा खरवस साखर-वेलदोडा घालून वाफविताच विरजणावाचून थिजतो, ते का? चिकात प्रथिने विपुल असतात म्हणून. आणि त्या प्रथिनांचा मोठा वाटा गाईच्या प्रतिपिंडांचा असतो. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात ती जवळजवळ नसतातच, कारण गाईच्या वारेतून ती गर्भास पोचत नाहीत. आईची ही ठेव त्यास चिकावाटेच मिळावयाची. आणि तीही पहिल्या काही तासांत, कारण वासराच्या आतड्याचे दार सुमारे एका दिवसात मिटते. त्यानंतर चीक पाजला तर पोट भरते, पण प्रतिपिंडे रक्तात उतरत नाहीत. म्हणूनच जाणता गवळी वासरू उभे राहताच त्यास आचळाशी लावतो, आणि उरलेल्या चिकाचाच खरवस करतो.

माणसाची रीत निराळी. आपल्या बाळास ही ठेव जन्मापूर्वीच वारेतून मिळते, आणि आईच्या दुधातील निराळी प्रतिपिंडे त्याच्या घशास व आतड्यास जपतात. परंतु ही ठेव उसनी असते. काही महिन्यांत ती संपते. गोवराची लस आपल्याकडे बाळास नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात त्याचे एक कारण हेच की, त्याआधी आईचीच प्रतिपिंडे त्या लशीस निष्प्रभ करण्याचा संभव असतो. मग मोठ्या माणसाने वाफविलेला खरवस ‘प्रतिकारशक्तीसाठी’ खाणे म्हणजे काय? उष्णतेने प्रतिपिंडे मोडली, उरली ती पोटात पचली. खरवस रुचकर म्हणून खावा. त्याच्यावर भलता भार घालू नये.

गाईचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. 14 मे 1796 रोजी जेन्नर ह्या इंग्रज डॉक्टरने एका गवळणीच्या हातावरील गाईच्या देवीची लस आठ वर्षांच्या मुलास टोचली, आणि पुढे त्यास माणसाच्या देवी बाधल्या नाहीत. सहा वर्षांनी, 14 जून 1802 रोजी, मुंबईत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचली गेली. हिंदुस्थानातील ही पहिली लस. 1980 साली देवी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. आता ह्या कथेचा दुसरा अंक पाहा. 2022 साली महाराष्ट्रात जनावरांवर लम्पी चर्मरोगाची साथ आली. कोल्हापूर जिल्ह्यातील गोठेही तीतून सुटले नाहीत. त्या वेळी गाईबैलांस टोचली गेली ती लस शेळ्यांच्या देवीची होती! दोन्ही विषाणू एकाच कुळातले. एकाची ओळख झाली की दुसरा ओळखू येतो. गाईने एकदा माणसास जे दिले, ते शेळीने गाईस दिले. ह्या सर्व व्यवहारात कोणाचीही शक्ती वाढली नाही. ओळख तेवढी झाली.

येथे एक आक्षेप रास्त आहे. कुपोषित बालक वारंवार आजारी पडते व लवकर दगावते, हे खरे नव्हे काय? अगदी खरे. पुरेसा आहार, झोप आणि स्वच्छता ह्यांवाचून संरक्षणाची ही यंत्रणा नीट चालत नाही. परंतु तूट भरून काढणे निराळे आणि भरल्या घड्यात आणखी ओतणे निराळे. उपाशी मुलास अन्न द्यावे, हा धर्म आहे. खात्यापित्या घरच्या मुलास चूर्ण देऊन त्याची ‘शक्ती’ दुप्पट होते, हा भ्रम आहे; आणि ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ हे विशेषण ह्या दोहोंतील भेद पुसून टाकते.

तिसरे विधान सर्वांत घातक. प्रतिकार जितका अधिक तितका बरा असता, तर दमा आणि ॲलर्जी हे रोगच नसते. त्यांत निरुपद्रवी धुळीवर वा परागांवर शरीर तुटून पडते. आमवाताच्या एका प्रकारात ते स्वतःच्या सांध्यांवर उलटते. मुलांत होणाऱ्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा आपल्याच पेशी नाश करतात. हे टळावे म्हणून निसर्गाने कडक तजवीज केली आहे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. ‘टी’ पेशींची परीक्षा तेथे होते. स्वकीयांवर उठणारी किंवा ओळखण्यासच असमर्थ अशी पेशी तेथेच संपते. शंभरांतील नव्वदांहून अधिक ह्या परीक्षेत नापास होतात. त्यातूनही निसटलेल्यांस आवर घालणाऱ्या निराळ्या पेशी असतात. त्यांच्या शोधाबद्दलच ब्रंको, राम्सडेल आणि साकागुची ह्यांस 2025 चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. म्हणजे ह्या यंत्रणेचे निम्मे शहाणपण न लढण्यात आहे. हे कोणत्या सैन्याच्या प्रतिमेत बसावे? मराठीत मात्र त्यास नेमका शब्द आहे. आपण म्हणतो, हवा मानवली, पाणी मानवले, औषध मानवले. अन्नास, परागांस आणि आतड्यातील कोट्यवधी जंतूंस ‘मानवून घेणे’ हे शरीराचे लढण्याइतकेच मोठे काम आहे. इतका अर्थपूर्ण शब्द घरात असता आमच्या लेखकांनी तो बाजूस ठेवून रणवाद्ये वाजवीत बसावे, ह्याचे आश्चर्य वाटते.

ही केवळ शब्दांची कीस काढणी नव्हे. ‘गोवर येऊन गेलेला बरा, अंग घट्ट होते,’ असे म्हणणारी सुशिक्षित माणसे आजही भेटतात. शक्तीच्या प्रतिमेतून निघणारा हा अगदी सरळ निष्कर्ष आहे: व्यायामाने स्नायू, तसा आजाराने प्रतिकार! वस्तुस्थिती उलट आहे. गोवराचा विषाणू ज्यांत स्मृती साठविलेली असते त्या पेशींतच शिरतो व त्यांचा नाश करतो. लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताचे आजारापूर्वीचे व नंतरचे नमुने ताडून 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, इतर रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या विविधतेपैकी 11 ते 73 टक्के भाग गोवराने पुसून टाकला होता. कष्टाने मिळविलेल्या ओळखी गेल्या. मूल पुन्हा अजाण झाले. लशीने असे होत नाही. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या भागांत गोवर उसळला आणि त्यात लहान मुले दगावली. त्यांतील कित्येकांस लस मिळालेली नव्हती. ‘शक्ती’ शिकविणाऱ्या वाङ्मयाने ह्या मुलांच्या आईबापांस काय सांगितले होते, हा प्रश्न आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांनी स्वतःस विचारावयास हवा.

‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द भाषेतून हद्दपार करावा, असे आमचे म्हणणे नाही. रूढ झालेला शब्द हुकूम काढून जात नसतो. आमची मागणी एवढीच की, मुलांसाठी व गृहिणींसाठी लिहिणाऱ्यांनी त्याच्या जोडीस ‘ओळख’, ‘स्मृती’ आणि ‘मानवणे’ हे तीन शब्द आणावेत. ज्या घरात हे तीन शब्द पोचतील, तेथे ‘मुलाची प्रतिकारशक्ती कशाने वाढेल?’ हा प्रश्न मागे पडून दुसरा पुढे येईल: त्याची कोणकोणत्या रोगांशी ओळख करून द्यावयाची राहिली आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुकानात शोधावे लागते आणि तेथे ते मिळत नाही. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक घरांत कपाटातच असते, बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर. नऊ महिन्यांच्या आणि दीड वर्षाच्या सुमाराच्या रकान्यांत गोवराच्या लशीची नोंद आहे किंवा नाही, एवढे आज पाहून घ्यावे.