एका अहवालाचे रसग्रहण

मी मॅनेजमेंट कन्सल्टंट आहे म्हणजे नेमकं काय करतो, हे आमच्या घरी अजून कोणाला नीट कळलेलं नाही. आई तर शेवटपर्यंत शेजारीपाजारी "कंपन्यांचं हिशेबाचं काहीतरी बघतो" एवढंच सांगायची. तिचंही काही चुकलं नाही. सुतार निदान पाट दाखवू शकतो. आम्ही दाखवायचा तो अहवाल. मराठीत चारोळीपासून महाकादंबरीपर्यंत सगळ्याची समीक्षा होते, पण अहवालाच्या वाटेला एकही समीक्षक फिरकलेला नाही. परवा माळा आवरताना मीच लिहिलेला १९९८ सालचा एक अहवाल हाती लागला. म्हटलं, आपणच करून टाकावी.

ग्रंथ इंग्रजीत आहे. पानं १८६, स्पायरल बाइंडिंग. पहिल्या पानावर सारांश, कारण मालक तेवढंच वाचतात. उरलेली १८५ पानं आमची फी वसूल झाली असं वाटावं म्हणून.

शैलीबद्दल बोलायचं तर कर्मणी प्रयोगावर लेखकाचं विलक्षण प्रभुत्व आहे. "असे निदर्शनास आले आहे." कोणाच्या? "कपात करण्यात यावी." कोणी? कर्ता म्हणून औषधाला सापडत नाही. (लेखक मीच, तरी मलाही नाही सापडला.)

या वाङ्मयप्रकाराचे आद्य पुरुष अमेरिकेचे फ्रेडरिक टेलर. १९११ सालच्या त्यांच्या पुस्तकात लोखंडाचे ठोकळे वाहणारा एक मजूर आहे. आधी दिवसाला १२.५ टन वाहायचा, टेलरसाहेबांच्या शास्त्रानं ४७ टनांच्या वर गेला! पुढे १९७४ साली अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं तपासली, तेव्हा या गोष्टीला बरंच तिखटमीठ लावलेलं निघालं. मजुराचं 'श्मिट' हे नावदेखील साहेबांनीच ठेवलेलं. पण खोट्या नावाचा का होईना, निदान एक माणूस तरी होता. १९७० च्या सुमाराला बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपनं तो प्रसिद्ध चौकोन काढला. त्याचे चार कप्पे. त्यांत कंपनीचे धंदे वाटून टाकायचे. एका कप्प्यात तारा, एकात प्रश्नचिन्ह, एकात दुभती गाय, एकात कुत्रा. जगभर गाजला. गाय आहे, कुत्रा आहे, माणूस नाही.

माझ्या अहवालातही नाही. म्हणजे असायला हवा होता. कारखाना यंत्राचे सुटे भाग करणारा. आम्ही तिघं टाय लावून तीन आठवडे फिरलो, पण काही उमगेना. शेवटी स्टोअर सांभाळणाऱ्या काकांनी चहा पाजला आणि एका चलनाच्या पाठीवर पेन्सिलीनं नकाशा काढून दिला. "साहेब, ट्रक उतरतो इथं आणि स्टोअर आहे हे असं पार तिकडं. दिवसाचे दोन तास नुसत्या हातगाडीत जातात. अकरा वर्षं बोंबलतोय, ऐकतंय कोण?"

तोच नकाशा पान ४१ वर आहे. 'सामग्री-प्रवाहाची पुनर्रचना'. तीन रंगांत, बाणांसकट. प्रोजेक्टरवर तो झळकला तेव्हा मालक म्हणाले, "बाहेरच्या माणसाची नजरच वेगळी!" मी मान लववून ते स्वीकारलं. काकांचं नाव सांगायला तोंड उघडलं नाही असं नाही. पण तेवढ्यात सामोसे आले.

आता, हातगाडीच बंद झाली म्हटल्यावर स्टोअरला तीन माणसं कशाला? हे पान १४३ वर. कोष्टक, ओळ सातवी : सध्या ३, प्रस्तावित १. हिशेब अचूक आहे, आजही खोट काढता येत नाही. काका वयानं सगळ्यांत मोठे, म्हणजे पगारानंही. तेव्हा राहिला तो सर्वांत धाकटा.

शेवटचा चेक घ्यायला गेलो तेव्हा ते गेटपाशी भेटले. मी चुकवायला बघत होतो, त्यांनीच हाक मारली. वाटलं, आता शिव्या खातोय. तर म्हणाले, "चित्र झकास काढलंत हो साहेब माझं. रंगीत! फक्त ट्रकचं तोंड उलटं दाखवलंय."

परवा पान ४१ उघडून बघितलं. खरंच उलटं आहे.

बायको म्हणाली, "एवढं बघत काय बसलाय? द्या की रद्दीत." पण स्पायरल काढल्याशिवाय आमचा रद्दीवाला घेत नाही. पुन्हा माळ्यावर टाकला.