कोळशाच्या दऱ्या आणि त्यांची स्मृति

दक्षिण वेल्समधील कोळशाच्या खाणी बहुतेक बंद पडल्या, आणि तेथील जीवन आतां पुस्तकांत व पदार्थसंग्रहालयांतच शोधावें लागतें. रिचर्ड ल्यूएलिन यांची ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ ही कादंबरी १९३९ सालीं निघाली, आणि तिनें रंगविलेलें चित्र पुष्कळांनीं इतिहास म्हणूनच स्वीकारलें. ह्यू मॉर्गन घर सोडावयास निघाला आहे, खाणीच्या टाकाऊ दगडमातीचा ढिगारा घराला येऊन भिडला आहे. या प्रसंगाची मोहिनी आम्ही नाकारीत नाहीं. लेखक लंडनलगतच्या हेंडनचा, आणि १९४१ चा चित्रपट तर कॅलिफोर्नियांत उभारलेल्या गांवांत घेतला गेला! परक्यानें लिहूं नये, असें आमचें म्हणणें नव्हे. परंतु येथें भूतकाळ इतका गोड झाला आहे कीं, वाचक डोळे पुसतो आणि पुस्तक मिटतो.

त्याच वर्षींचें बी. एल. कूम्ब्स यांचें ‘दीज पूअर हँड्स’ पाहावें. कूम्ब्सही जन्मानें इंग्रजच. पण ऐन तारुण्यांत ते रिझॉल्व्हन येथें आले व खाणींत राबले. त्यांची भाषा साधी, क्वचित् रुक्षही आहे. तथापि काम, मजुरी आणि अपघात यांचा हिशेब तेथें मिळतो, आणि तो हिशेब थोडाथोडका नाहीं. सेंगहेनिड येथें १९१३ सालीं एका स्फोटांत ४३९ खाणकामगार मृत्युमुखीं पडले. अॅबरफॅन येथें १९६६ सालीं असाच एक ढिगारा शाळेवर घसरून १४४ माणसें गेलीं. त्यांत ११६ मुलें. कादंबरींतील ढिगारा हें दैवाचें प्रतीक आहे. अॅबरफॅनच्या ढिगाऱ्याबद्दल मात्र लोकांनीं आधींच तक्रारी केल्या होत्या, आणि १९६७ सालीं चौकशीमंडळानें राष्ट्रीय कोळसा मंडळास दोषी ठरविलें.

ब्लेनॅव्हनची ‘बिग पिट’ खाण १९८० सालीं बंद होऊन १९८३ सालीं प्रेक्षकांस खुली झाली. डोक्यावर दिवा बांधून सुमारें ३०० फूट खालीं उतरावें, आणि जुन्या कामगारांच्याच तोंडून हकीकत ऐकावी, ही योजना खरोखर उत्तम. तरीहि आमच्या मतें स्वान्सी येथील खाणकामगारांचें ग्रंथालय अधिक मोलाचें. मजुरींतून पैसा पैसा वर्गणी देऊन कामगारांनीं आपापल्या संस्थांत पुस्तकें जमविलीं होतीं. खाणी बंद पडूं लागल्यावर तीं पांगूं लागलीं, कित्येक विकलीं गेलीं. उरलेलीं १९७३ पासून येथें सांभाळलीं जात आहेत, आणि त्यांच्यासोबत वृद्ध कामगारांचे ध्वनिमुद्रित आवाजही. खाणींतला माणूस रात्रीं काय वाचीत होता, हें ल्यूएलिन यांच्यापेक्षां तीं कपाटें नेमकें सांगतात.