माळेगावच्या यात्रेतील तमाशा : फड, शासकीय मंच आणि वगाचा संकोच

प्रस्तावना

मराठी समीक्षेने तमाशाचा विचार प्रामुख्याने दोन अंगांनी केला आहे. शाहिरी वाङ्मयाच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून त्याच्याकडे पाहिले गेले, तसेच कलावंतांच्या, विशेषतः स्त्री-कलावंतांच्या, शोषणाची कहाणी म्हणूनही त्याची मांडणी झाली. ही दोन्ही अंगे आवश्यक आहेत. तथापि ज्या यात्रेत आणि जनावरांच्या बाजारात तमाशा प्रत्यक्ष उभा राहतो, त्या स्थळाचा प्रयोगाच्या रूपावर होणारा परिणाम तुलनेने उपेक्षित राहिला आहे. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात भरणारी माळेगावची खंडोबाची यात्रा या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. एकाच यात्रेत तिकिटावरचा फड आणि शासकीय लोककला महोत्सव शेजारी-शेजारी उभे असतात. त्यांच्या तुलनेतून तमाशातील वगाचे काय झाले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यात्रेचा व्यवहार आणि प्रेक्षक

मार्गशीर्षाच्या वद्य पक्षाच्या अखेरीस भरणाऱ्या या यात्रेत देवस्वारीची पालखी, वाघ्या-मुरळींचे जागरण, कुस्त्यांची दंगल, पशुप्रदर्शन व कृषिप्रदर्शन हे सारे एकत्र येते. घोडे, बैल, गाढवे, उंट यांची खरेदी-विक्री हा यात्रेचा कणा आहे. खरिपाचे पीक हाती आलेले असते. शेतकऱ्याजवळ थोडा पैसा आणि थोडी उसंत असते. दिवसा तो बैलाचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो आणि मगच उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवतो. रात्री तोच माणूस तिकीट काढून कनातीत बसतो. पारख करणारी ही नजर तो कनातीबाहेर ठेवून येत नाही. ढोलकीवाल्याचा हात कच्चा आहे की पक्का, सोंगाड्याला ऐन वेळी जबाब सुचतो की नाही, याचा निर्णय तो तत्काळ देतो. यात्रेचा प्रेक्षक केवळ भोळा किंवा केवळ आंबटशौकी असतो, हा नागर समीक्षेतील समज म्हणूनच अपुरा आहे.

येथे तंबूचा फड आणि सुपारीचा तमाशा यांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. चैत्र-वैशाखातील गावजत्रांसाठी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकारभारी तेथे येऊन सुपारी ठरवतात. तेथे मोबदला गाव देते. तंबूच्या फडाचे उत्पन्न मात्र त्या रात्रीच्या तिकीटविक्रीवर अवलंबून असते. प्रेक्षकाची पसंती त्यामुळे फडमालकाच्या पोटाशी थेट जोडलेली राहते.

प्रयोगाची रचना आणि रात्रीची वेळ

गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग हा ढोलकीफडाच्या तमाशाचा परिचित क्रम आहे. या क्रमात एक नाट्यतत्त्व दडलेले आहे. गणाने प्रेक्षक स्थिरावतो, गवळणीत मावशी आणि पेंद्या त्याला हसवतात, लावणी त्याला रिझवते आणि मध्यरात्रीनंतर वग त्याला कथेत ओढून नेतो. राजा, प्रधान, पाटील, सावकार यांची खिल्ली उडवण्याची मुभा सोंगाड्याला सर्वाधिक मिळते ती याच भागात. हरिभाऊ वडगावकर यांचा ‘गाढवाचं लग्न’ हा वग दादू इंदुरीकर यांनी अजरामर केला. त्यातील सावळ्या कुंभार आणि त्याचे गाढव राजदरबारापर्यंत पोहोचतात, तेव्हा बाजारातील सर्वांत हलके समजले जाणारे जनावर सत्तेला अडचणीत आणते. ज्या यात्रांत गाढवांचा बाजार भरतो, तेथील प्रेक्षकाला या विनोदाचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या रचनेवर पहिला आघात चित्रपटगीतांनी केला. फर्माईश वाढली, रंगबाजी लांबली आणि वगाचा वेळ आक्रसला. दुसरा आघात कायद्याचा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 अन्वये रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई आहे. 2002 च्या दुरुस्तीने वर्षातील जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला मिळाला. नियमामागील आरोग्याचा हेतू निर्विवाद आहे. परंतु रात्रभर चालणाऱ्या प्रयोगाला वेळेची कात्री लागते, तेव्हा ती शेवटाकडून लागते आणि शेवटी असतो तो वग. कोणीही वगावर बंदी घातलेली नाही. तरीही तोच प्रथम गळतो.

शासकीय मंच : सन्मान आणि निवड

यात्रेतील शासकीय महोत्सवात लावणीला मानाचे स्थान आहे. येथे कलावंताला मानधनाची हमी, बंदोबस्त आणि प्रतिष्ठा लाभते. या बाबींचे मोल कमी लेखता येणार नाही. महार, मांग, कोल्हाटी या समाजांतील कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या कला दिली आणि अवहेलना घेतली. विठाबाई नारायणगावकर (1935–2002) या प्रयोग सुरू असताना प्रसूत होऊन पुन्हा मंचावर उभ्या राहिल्याची आठवण सर्वश्रुत आहे. तिकिटावरच्या स्वातंत्र्याची किंमत कोणी मोजली, हे या एका आठवणीवरून स्पष्ट होते. फडाचे गुणगान करताना ही किंमत विसरणारी समीक्षा अप्रामाणिक ठरेल.

तथापि शासकीय मंच संपूर्ण तमाशाचा सन्मान करीत नाही. तो त्यातील एक अंग निवडतो. लावणी सुटी काढता येते, तिचे सादरीकरण काही मिनिटांत बसवता येते, तिचे परीक्षण करून क्रमांकही देता येतात. वग असा सुटा होत नाही. शिवाय ज्या मंचावर लोकप्रतिनिधी आणि अधिकारी पाहुणे म्हणून बसलेले असतात, तेथे प्रधानाची फजिती करणारा सोंगाड्या यजमानांना अवघड वाटणे स्वाभाविक आहे. सोंगाड्याची अनुपस्थिती ही केवळ वेळेच्या अभावाची बाब उरत नाही, ती अशी.

नागर रंगभूमीनेही अशीच निवड पूर्वी केली होती. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने बतावणी आणि वगाचा बाज नाट्यगृहात नेला. ते लोकनाट्य गुणवत्तेने श्रेष्ठ होतेच. पण त्यातून फडावरच्या सोंगाड्याला हक्काचे स्थान मिळाले, असे घडले नाही. नाट्यगृहाने वग घेतला, महोत्सवाने लावणी घेतली आणि यात्रेतील तंबूत प्रामुख्याने चित्रपटगीतांवरील नृत्य उरले. तमाशाच्या ऱ्हासाचे खापर प्रेक्षकांच्या घसरलेल्या अभिरुचीवर फोडणाऱ्यांनी ही वाटणी ध्यानात घेतलेली नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, माळेगावसारख्या यात्रेत तमाशा नाहीसा होत नसून त्याचे विभाजन होत आहे. या विभाजनात सर्वाधिक हानी वगाची आणि पर्यायाने सोंगाड्याची होते. गावाला स्वतःच्याच कारभाऱ्यांवर, त्यांच्यादेखत, हसण्याची परंपरेने दिलेली जागा त्यातून आक्रसते. महोत्सवातील एक संध्याकाळ एका पूर्ण, आटोपशीर वगासाठी राखणे आणि ध्वनिक्षेपकाच्या सवलतीचे दिवस ठरवताना यात्रांचा विचार करणे, या दोन गोष्टी खर्चिक नाहीत. वगासाठी राखलेल्या त्या संध्याकाळी पहिल्या रांगेतील पाहुण्यांनी स्वतःवरचा विनोद ऐकून घेतला, तर शासकीय मंचाने तमाशाचा खऱ्या अर्थाने सन्मान केला असे म्हणता येईल.