तळघरातील काउंटेस

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या घरभेटीला गेलो होतो. प्रार्थना झाली, चहा झाला. घरातील नववीत शिकणारा मुलगा मात्र संगणकासमोरून हलायला तयार नव्हता. आईने दोनदा हाक मारली, वडिलांनी डोळे वटारले. शेवटी मीच उठून त्याच्या शेजारी जाऊन बसलो. पडद्यावर काळोखे तळघर होते, भिंतींलगत आगीचे लोळ उठत होते आणि त्यांच्यामधून एक लाल स्त्री-आकृती चालून येत होती. क्षणभरात ती कोसळली. मुलगा उत्साहाने म्हणाला, “फादर, ही काउंटेस. हिला मी आतापर्यंत दोनशे वेळा तरी मारली असेल.” मी विचारले, “तिने काय केले होते?” तो गोंधळला. मग म्हणाला, “व्हिलन आहे ना ती! हिला मारले की रून मिळतात.”

रून म्हणजे मंत्राक्षरे कोरलेले दगड. ते शस्त्रात बसवले की शस्त्राचे बळ वाढते. मुलाच्या उत्तराने मी अस्वस्थ झालो, परंतु त्याला दोष द्यावासा वाटला नाही. मी त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मलाही नीट ठाऊक नव्हते. ते शोधता शोधता जे हाती लागले, ते सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहे.

ज्या खेळात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन काल्पनिक जगात संचार करतो, त्याला ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातील आद्य खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तो मित्रमंडळींनी टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा खेळ होता. पुढे ही कल्पना संगणकावर आली. आमच्या या मुलाचा खेळ ‘डायब्लो २’ हा २००० सालचा असून २०२१ साली तो नव्या रूपात पुन्हा बाजारात आला. त्याच्या पहिल्या अंकात एक विस्मृत मनोरा लागतो. रानात सापडणारी एक जुनी पोथी त्याची कथा सांगते. शंभर कुमारिकांच्या रक्ताने स्नान करणारी एक काउंटेस होती, तिला जिवंत गाडण्यात आले आणि तिची संपत्ती धर्मगुरूंनी वाटून घेतली असे मानले जाते. तरीही काही धन अजून तेथेच दडलेले असावे, अशी ही कथा. खेळणारा पाच मजले तळघर उतरतो, काउंटेसला मारतो आणि धन घेऊन बाहेर पडतो. खेळ पुन्हा सुरू केला की तीही पुन्हा उभी राहते.

पोथीत नाव दिलेले नसले तरी ही काउंटेस कोणावरून घेतली आहे ते ओळखणे अवघड नाही. एर्झेबेत बाथोरी ही हंगेरीतील एका अतिशय बलाढ्य सरदार घराण्याची कन्या. जन्म १५६० सालचा. तिचा मामा इश्त्वान बाथोरी पोलंडचा राजा झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी, १५७५ साली, फेरेन्त्स नादाष्दी या सरदाराशी तिचा विवाह झाला. नवरा तुर्कांविरुद्धच्या मोहिमांत गुंतलेला असे आणि विस्तीर्ण जहागिरीचा कारभार ती पाही. १६०४ साली तो मरण पावला. तिच्या घरात शेतकऱ्यांच्या मुली दासी म्हणून येत. पुढे पुढे लहान सरदारांच्या मुलीही मोठ्या घरची रीतभात शिकण्यासाठी येऊ लागल्या. त्यांतील कित्येक मुली परत गेल्या नाहीत, अशी कुजबुज त्या मुलखात सुरू झाली.

१६१० साली राजा मात्याश याच्या आदेशावरून राज्याचा पॅलेटाइन, म्हणजे राजाखालोखालचा अधिकारी, ग्यॉर्गी तुर्झो याने चौकशी आरंभली. डिसेंबरच्या अखेरीस, आज स्लोव्हाकियात असलेल्या चाख्तित्से येथे तिला अटक झाली. १६११ पर्यंत तीनशेहून अधिक साक्षी नोंदवल्या गेल्या. मारहाण, चटके, सुया टोचणे, उपासमार, ऐन हिवाळ्यात अंगावर गार पाणी ओतणे असे प्रकार त्यांत येतात. बळींचा आकडा मात्र साक्षीगणिक बदलतो. तिच्या नोकरांनी सांगितलेली संख्या काही डझनांची आहे. साडेसहाशे हा जो आकडा सर्वत्र फिरतो, तो एकाच साक्षीदार स्त्रीचा आहे आणि तोही ऐकीव. काउंटेसच्या खासगी वहीत तो एका अधिकाऱ्याने पाहिला होता, असे तिचे म्हणणे. ती वही कधीच सापडली नाही.

जानेवारी १६११ मध्ये नोकरांवर खटला चालला. आधी त्यांचा छळ करून कबुलीजबाब घेतले गेले होते. तिघांना देहदंड झाला. काउंटेसला मात्र न्यायासनासमोर कधीच उभे केले गेले नाही. तुर्झोने तिचा मुलगा व जावई यांच्याशी विचारविनिमय केला. घराण्याची अब्रू आणि जहागीर दोन्ही वाचावीत अशी तडजोड झाली आणि तिला तिच्याच किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. २१ ऑगस्ट १६१४ रोजी तेथेच तिचा अंत झाला. राजा तिच्या घराण्याचे मोठे देणे लागत होता. त्यामुळे हे सारे तिच्याविरुद्धचे कारस्थान होते, असा पक्ष काही अभ्यासकांनी मांडला आहे. पुरावा डागाळलेला आहे, हे मान्य करावेच लागेल. पण तीनशे साक्षींमागे काहीच नव्हते, असे म्हणणेही मला जड जाते.

आणि रक्तस्नान? त्या साक्षींत त्याचा उल्लेखही नाही. रक्ताने न्हाऊन तारुण्य टिकवणाऱ्या काउंटेसची कथा छापील स्वरूपात प्रथम आली ती १७२९ साली, तिच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने. आणि ती लिहिणारा लास्लो तुरोत्सी हा येशूसंघीय धर्मगुरू होता, हे आपण ख्रिस्तसभेच्या लोकांनी प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मूळ साक्षी १८१७ साली छापून प्रसिद्ध झाल्या, तेव्हा त्यांत हे स्नान कोठेच नव्हते. पण तोवर कथेने इतिहासाला मागे टाकले होते.

हे सारे समोर ठेवून खेळातील काउंटेसकडे पाहिले की कलाकृती म्हणून तिचे मोजमाप करता येते. इतिहासाशी इमान राखले नाही म्हणून कल्पित कथेला दोषी ठरवणे हा समीक्षेचा धर्म नव्हे. बदल कोणता केला आणि त्या बदलाने काय साधले, हे पाहणे हा तिचा धर्म आहे. ‘डायब्लो २’ने केलेले बदल तीन आहेत. पहिला, माणसाची पिशाच्च झाली. दुसरा, समाज नाहीसा झाला. हंगेरीत १५१४ च्या शेतकरी उठावानंतर कुळांना कायद्याने जमिनीला जखडून टाकण्यात आले होते. जमीनदाराविरुद्ध दाद मागायची तर ती कोठे, अशी त्यांची स्थिती होती. हुकूम पाळणारे नोकर होते, प्रेते रात्री पुरणारे हात होते, सारे जाणून गप्प बसणारे शेजारी सरदार होते. खेळात यांपैकी कोणी नाही; आहे ती रानातल्या एकाकी मनोऱ्यातली एकटी दुष्ट स्त्री. तिसरा बदल मला सर्वांत गंभीर वाटतो. मुली केवळ एक आकडा झाल्या. पोथीत त्या शंभर आहेत, तळघरात एकही नाही. त्यांच्यासाठी कोणी तळघरात उतरत नाही. उतरतो तो धनासाठी.

संपत्ती धर्मगुरूंनी वाटून घेतल्याचा टोमणा वाचून मी प्रथम हसलो. प्रत्यक्षात ती तिच्या मुलाबाळांकडे गेली. आणि धर्मगुरूंचा या कथेशी खरा संबंध असेल, तर तो वेगळाच आहे. इश्त्वान माग्यारी या ल्युथरन पाळकाने १६०२ ते १६०४ या काळात, म्हणजे तिचा बलाढ्य नवरा हयात होता तेव्हापासून, तिच्या क्रौर्याबद्दल जाहीरपणे आणि व्हिएन्नाच्या दरबारातही तक्रार केली होती. तिच्या घराण्याच्या आश्रयाखालच्या मुलखात राहून एका उपदेशकाने हे धाडस केले. दरबार हलायला १६१० साल उजाडले. मधल्या वर्षांत किती मुली गेल्या असतील, याचा विचार मनातून जात नाही. या माणसाला कोणत्याही खेळात भूमिका मिळालेली मला दिसली नाही.

जपानमध्ये २०१५ पासून खेळल्या जाणाऱ्या ‘फेट/ग्रँड ऑर्डर’ या खेळाने दुसरी वाट धरली आहे. तेथे बाथोरी दोन रूपांत येते. एक प्रौढ, नरपिशाच्चाच्या कथेतून घेतलेले ‘कार्मिला’ हे नाव धारण करणारी. दुसरी शिंगे आणि शेपटी असलेली किशोरी, जी स्वतःला थोर गायिका समजते आणि बेसूर गाऊन सर्वांना हैराण करते. प्रौढ झालेल्या क्रौर्यासमोर त्याचेच बालरूप उभे करावे, ही कल्पना खरोखर कलावंताची आहे. आपण जे करीत होतो ते पाप आहे, असे आपल्याला कोणी सांगितलेच नाही, अशी त्या किशोरीची व्यथा आहे. येथे हा खेळ अमेरिकन खेळापेक्षा खोल जातो. जन्मजात सत्तेत वाढलेल्या मुलीला दासी माणूस दिसतच नाही, हे सत्य तो ओळखतो. परंतु सांगणारा होता. माग्यारीने सांगितले होते. ऐकले गेले नाही. ही कल्पना शेवटपर्यंत पेलली असती तर एक मोठी शोकांतिका निर्माण झाली असती. तसे झाले नाही. सर्व संतांच्या सणाच्या पूर्वसंध्येच्या, हॅलोवीनच्या, निमित्ताने तिचा किल्ला विनोदी उत्सवाचे रंगस्थळ झाला. खलनायिका लाडकी झाली. मुली येथेही नाहीत.

काही पालक म्हणतील, “फादर, मग हे खेळ बंदच करावेत.” मी असे म्हणणार नाही. दुष्टाचे सोंग आणणे हे ख्रिस्ती परंपरेला परके नाही. मध्ययुगीन युरोपातील धार्मिक नाटकांत हेरोद राजा असा काही थयथयाट करी की प्रेक्षक त्याचीच वाट पाहत. वाईटाला रंगमंचावर चेहरा द्यावा, त्याच्याशी झुंजावे, त्याला हरवावे, यातून मुलाच्या मनाला बळच मिळते. तळघरात उतरायला धैर्य लागते आणि ते धैर्य या खेळाने माझ्या त्या छोट्या मित्राला दिले असेल, तर मी त्याचा ऋणी आहे.

पण हेरोदाच्याच उदाहरणात कसोटीही आहे. बेथलेहेमच्या बालकांपैकी एकाचेही नाव शुभवर्तमानात नाही. नाव आहे ते हेरोदाचे. तरीही ख्रिस्तसभेने २८ डिसेंबर हा दिवस त्या अनाम बालकांना दिला आहे. नाटकात हेरोद कितीही गाजला तरी त्याच्या कथेचे कारण ती बालके आहेत, हे आपल्या उपासनेने विसरू दिलेले नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातही हत्येनंतर परमेश्वर काइनाला त्याच्या शस्त्राविषयी विचारीत नाही. विचारतो ते त्याच्या भावाविषयी. खलपात्र रंगवणाऱ्या कोणत्याही कलाकृतीला, मग ती कादंबरी असो, नाटक असो वा संगणकावरचा खेळ असो, आपण हाच प्रश्न विचारावा. ज्यांच्यावर अन्याय झाला, ते या कथेत कोठे आहेत? बाथोरीवर रचलेल्या दोन्ही खेळांना या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. त्यांची चित्रे मोहक आहेत, रचना कुशल आहे. पण ही उणीव कौशल्याची नसून दृष्टीची आहे.

ही दृष्टी घरातही लागते. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या काउंटेसला पिशाच्च ठरवले की आपण सुटलो, असे वाटते. पिशाच्च आपल्या घरात कोठून असणार? दासी मात्र असते. दूरच्या पाड्यावरून किंवा परराज्यातून आलेली, भांडी घासणारी, मूल सांभाळणारी, रात्री स्वयंपाकघरात पथारी टाकणारी एखादी मुलगी आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असते. तिचे पूर्ण नाव, तिच्या आईचे नाव, तिचे गाव किती जणांना सांगता येईल?

पावसाळ्यात तो मुलगा धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर भेटला. मी त्याला एर्झेबेत बाथोरीची हकिकत सांगितली. साक्षी, सापडली नाही ती वही, माग्यारी, सारे काही. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “फादर, त्या मुलींची नावे काय होती?” मी म्हणालो, “बहुतेकींची कोणालाच ठाऊक नाहीत.” तो थोडा वेळ काही बोलला नाही. खेळ त्याने सोडलेला नाही, असे त्याची आई सांगते. मीही तसे सांगितले नव्हते. माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याला आता ठाऊक आहे आणि दुसरा प्रश्न त्याने स्वतःच विचारला.