वाक्याची पूर्णता : शालेय व्याकरणातील एका व्याख्येची चिकित्सा

मुलांच्या लेखनातील दोन दोष शिक्षकांच्या विशेष परिचयाचे आहेत. एक, वाक्य पुरे होण्यापूर्वीच पूर्णविराम देणे. दुसरा, पुरी झालेली दोन-तीन वाक्ये जोडावाचून वा विरामावाचून एकापुढे एक लिहीत जाणे. या दोषांचे खापर सामान्यतः मुलाच्या निष्काळजीपणावर, आणि मूल परळ-लालबागच्या श्रमिक वस्तीतील असल्यास त्याच्या घरच्या बोलीवर, फोडले जाते. वस्तुतः दोषाचा मोठा वाटा शाळेत शिकवल्या जाणाऱ्या वाक्याच्या व्याख्येकडे जातो.

ही व्याख्या दुहेरी आहे. पूर्ण अर्थाचा बोध करणारा शब्दसमूह हे तिचे एक अंग. उद्देश्य आणि विधेय हे दुसरे. पहिले अंग सैल आहे, कारण पूर्ण अर्थ म्हणजे किती अर्थ, हे ओळखण्याचे साधन ते मुलाच्या हाती देत नाही. दुसरे काटेकोर दिसते, पण मराठीच्या प्रकृतीशी पुरते जुळत नाही. 'लालबागला उतरलो' यात कर्ता उच्चारलेला नाही. तो क्रियापदाच्या प्रत्ययातच सामावला आहे. 'ही आमची चाळ' यात क्रियापद नाही. दोन्ही वाक्ये पूर्ण आहेत. उलट, 'पाऊस थांबल्यावर आई दादरहून चालत निघून' यात कर्ता आहे, क्रिया तर तीन आहेत, आणि तरीही ते वाक्य नव्हे.

या विसंगतीचे मूळ ऐतिहासिक आहे. मुंबईत जन्मलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मेजर थॉमस कँडी यांची विरामचिन्हांवरील पुस्तिका १८५० ची. इंग्रजी व्याकरणाचे वळण आणि इंग्रजीतील विरामचिन्हे अशा रीतीने मराठीत स्थिरावली. त्यांनी मराठी गद्याचे फार मोठे हित केले, यात शंका नाही. तथापि चिन्ह आले आणि ते कोठे द्यावे याचा निकष मात्र मराठीतून घडवावयाचा राहिला. इ. स. २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले, तेव्हापासून ही अडचण वाढली आहे. इंग्रजीत कर्ता सहसा गाळता येत नाही. तोच नियम मूल पुढच्या तासाला मराठीस लावते.

विरामचिन्हांपूर्वी मराठी वाचकाचे अडत नव्हते. मोडीत लेखणी न उचलता ओळ धावे, शब्दही सुटे केले जात नसत. तरीही पत्रांचा आणि बखरींचा वाचक वाक्य कोठे संपले ते जाणत असे. कारण मराठीत समापक क्रियापद बहुधा शेवटी येते आणि तेच विरामाचे काम करते. मुलाच्या कानालाही हे ज्ञान असतेच. शाळेने ते जागे करावयाचे असते.

त्यासाठी निकष भारतीय परंपरेतच उपलब्ध आहे. यजुर्मंत्र गद्यात असल्याने छंदाची सीमा त्यांना नाही. मग एक यजुस् कोठवर, हा प्रश्न मीमांसकांपुढे होता. विरामचिन्हे नसलेली वही तपासणाऱ्या शिक्षकापुढेही तोच प्रश्न असतो. जैमिनींनी दिलेल्या उत्तराचा आशय असा : ज्या पदसमूहाचे प्रयोजन एक आहे आणि ज्याचे तुकडे केले असता ते एकमेकांची अपेक्षा करतात, ते एक वाक्य. या अपेक्षेलाच आकांक्षा म्हणतात.

या एका कसोटीने दोन्ही दोष ओळखता येतात. शेवटी आकांक्षा उरली तर वाक्य अपुरे. मध्ये तोडूनही आकांक्षा उरली नाही, तर तेथे एकाहून अधिक वाक्ये मिसळली आहेत. 'आई बाजारात गेली तिने भाजी आणली मी दार उघडले' याचे तीन तुकडे करा. एकही दुसऱ्याची वाट पाहत नाही. पण 'आई परळला उतरून, भाजी घेऊन, घरी येऊन स्वयंपाकाला लागली' हे कितीही लांबले तरी एकच वाक्य आहे; 'उतरून', 'घेऊन', 'येऊन' ही धातुसाधिते पुढच्या क्रियापदाकडे डोळे लावून असतात. लांबी हा दोष नव्हे, हे यावरून मुलास उमगते. 'जेव्हा गिरणीचा भोंगा वाजे' यात समापक क्रियापद असूनही 'तेव्हा'ची अपेक्षा राहते. म्हणून केवळ क्रियापद शोधणे पुरेसे नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. 'तो गेला' म्हटल्यावर 'कोठे?' असा प्रश्न उरतोच. मग तेही अपुरे मानावे काय? नाही. ती श्रोत्याची जिज्ञासा होय, पदांची आकांक्षा नव्हे. हा भेद व्याख्येने समजत नाही. वाक्य मोठ्याने वाचून, तोडून, पुन्हा जोडूनच तो अंगवळणी पडतो.

स्वाध्यायांतील 'एका वाक्यात उत्तरे लिहा' ही सूचनाही या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. 'तू कोठे राहतोस?' यावर 'परळला' हे उत्तर बोलण्यात पूर्ण असते, कारण त्याची आकांक्षा प्रश्नानेच भागवलेली असते. कागदावर प्रश्न जवळ नसेल, तर वाचकासाठी ती लेखकाने भागवावी लागते. हे कारण न सांगता केवळ गुण कापले, की मूल प्रश्नातील शब्द उतरवून काढण्यास शिकते. वाक्य करण्यास नव्हे.

बोलीचेही तसेच. कोकणातून गिरणगावात आलेल्या घरातील मुलाने 'तो इलो' लिहिले, तर प्रमाणभाषेचे रूप 'तो आला' आहे, हे त्यास अवश्य सांगावे. परंतु 'तो इलो' हे संपूर्ण वाक्य आहे. रूपाची दुरुस्ती आणि वाक्यत्वाचा निर्णय या भिन्न गोष्टी होत. त्यांची गल्लत झाली, की आपल्या भाषेत वाक्यच नाही, असा समज मुलाच्या मनात रुजतो, आणि लिहिण्याचे धैर्यच खचते. असे मूल पुढे पूर्णविराम चुकवत नाही, कारण ते फारसे लिहीतच नाही. वाक्यविचाराच्या अध्यापनाचे यश केवळ निर्दोष वह्यांवरून मोजू नये, ते याच कारणास्तव.